कुणाला, गुरुजी?

सत्तर-एकाहत्तर साली मी पाटणच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. नववीच्या वर्गात दिवा बसवायला एक वायरमन आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आधी त्याने मेनमधला फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. काम चालू असताना कुणी तो चुकून लावू नये म्हणून. त्याच खिशातून बायबलच्या नव्या कराराचं बारकं पुस्तक डोकावत होतं, त्यावरून तो ख्रिस्ती असल्याचं कळलं.

तो शिडीवर चढला, मी फळ्यापाशी उभा राहून सांगू लागलो, "ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही."

"कुणाला, गुरुजी?" शिडीवरून आवाज आला.

"कुणालाच नाही!" मी जरा फणकाऱ्यानेच म्हणालो.

"मग जग झालं त्या पयल्या दिवशीचा उजेड कुठनं आला? आमच्या पवित्र शास्त्रात सूर्य तर चवथ्या दिवशी झालाय."

त्याला वाद घालायचा नव्हता, खरंच विचारायचं होतं. पोरं हसली, त्याला की मला, कोण जाणे.

काम झाल्यावर त्याने फ्यूज लावला, मान खाली घालून क्षणभर डोळे मिटले आणि मग बटण दाबलं. वर्ग उजळला.

सहामाहीच्या पेपरात त्याच वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, "ऊर्जा माणसाला निर्माण करता येत नाही." 'माणसाला' मी शिकवलंच नव्हतं. तांबड्या शाईने तो शब्द खोडला आणि मार्क मात्र पूर्ण दिले. का, ते मला अजून सांगता येत नाही.