झाकण लावून जाणारा चोर

ती केस इसरायचं म्हणलं तरी इसरू देत न्हाई. नाव कोणाचंच घेत न्हाई. ज्याचं घ्यावं लागंल त्याचं नाव मीच पाळण्यात ठेवलेलं हाय.

मालक पोलिसात व्हते. ड्युटीवरच ॲक्सिडेंट झाला, गेले. मी सातवी शिकलेली, त्यांच्या जागेवर मला घेतलं. खाकी घातली, लेकराला ठाण्याच्या बाकड्यावर झोपवून ड्युटी केली. हवालदार होऊन रिटायर झाले.

ही गोष्ट नोकरीच्या शेवटल्या वर्षाची. आमच्या हद्दीत, साखऱ्याकडं, गोरेगावाकडं, हिरीतल्या पाणबुडी मोटारी चोरीला जाऊ लागल्या. हरभरा फुलावर, अन् पाणी द्यायला मोटारच न्हाई. माणसं फिर्याद द्यायला यायची, रडायचीच बाकी राहायची.

एक म्हातारा तेवढा हसवून गेला. म्हणला, "बाई, चोर लई गुणाचा हाय. मोटार नेली, पण स्टार्टरच्या पेटीचं झाकण बसवून, स्क्रू आवळून गेला. माझ्या जावयाला एवढं वळण न्हाई!"

सगळं ठाणं हसलं. मीबी हसले.

मग खबऱ्यानं टीप दिली, मोटारीतलं तांबं जवळा बाजार गावच्या एका भंगारवाल्याकडं जाऊन राहिलं. फौजदार साहेबांनी त्याला उचलून आणलं. बराबर दरडावलं, पण त्याचं एकच. "साहेब, बाजाराच्या दिवशी किती जण येतात, कोणाकोणाचं थोबाड ध्यानात ठेवू?"

साहेब कम्प्युटरवाल्या पोरीला म्हणले, "सगळ्या फिर्यादी, पंचनामे बघ. एकच टोळी हाय का, सांग."

ती पोरगी शिपाई व्हती, मला मावशी म्हणायची. तिच्या कम्प्युटरात एक सोय व्हती. शब्द टाकला की ज्या ज्या फाईलीत तो असंल, त्यांची यादी समोर येते. नावावर बोट दाबलं की बाजूला ती ओळ दिसते, शब्द पिवळा झालेला. तिनं 'मोटार' टाकलं.

"अगं बया! मोटारसायकलीबी आल्या मावशी. अख्खं ठाणंच आलं."

"मग हाकल त्यांना."

"हाकलते की." तिनं मोटारसायकल नको म्हणून लिहिलं, 'पाणबुडी' पायजे म्हणून लिहिलं. यादी आखडली. तारखेपरमाणं लावली, जुनी वर. तरी लई व्हत्या.

मी गंमत म्हणून म्हणले, "ह्याच यादीत 'झाकण' टाकून बघ. त्या म्हाताऱ्याचा जावई सापडंल."

तिनं टाकलं. ओळीखाली ओळ येऊ लागली. 'पेटीचे झाकण पूर्ववत बसविलेले होते.' 'झाकण स्क्रूने बंद.' 'झाकण बंद करून वायरची टोके टेपने गुंडाळलेली, टेपचे टोक दुमडलेले.' पिवळं, पिवळं, पिवळं.

"मावशी, टोळी न्हाई, एकच माणूस हाय!" पोरगी टाळी वाजवून उठली.

माझं ध्यान त्या दुमडलेल्या टोकावर गेलं अन् तिथंच अडकलं.

आमच्या गल्लीत मागं एक लेकरू उघड्या पेटीला हात लावून, शॉक बसून गेलं व्हतं. तवापासून माझ्या पोराला मी बजावायची. त्यो मोटारी भरायचं, म्हंजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळायचं काम शिकलेला. "काम झालं की झाकण लाव, वायरीला टेप मार. मागून कोणाचं लेकरू येतं." अन् टेपाचं टोक दुमडायची सवय तर माझीच, पुढच्या बारीला नखानं खरवडायची तकलीफ नको म्हणून.

"साहेबांना सांगू का मावशी?"

"प्रिंट काढ," म्हणले.

कागद साहेबांपुढं ठेवला. "साहेब, ह्या सवयीचा माणूस माझ्या घरात हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "बाई, सवय म्हंजे पुरावा न्हाई."

"म्हणून तर झडती घ्या. मी दार उघडून देते."

आमच्या माळवदावर, कडब्याखाली तांब्याच्या तारा निघाल्या. पंच म्हणून शेजारचेच दोघं व्हते. त्यांची भांडणं मी सोडवलेली, त्यांच्या पोरांना दम दिलेला. त्यांनी खाली मान घालून सह्या केल्या. ओरडले असते, तर बरं वाटलं असतं.

पोराला ठाण्यात आणलं. चौकशीला मी आत गेले न्हाई. पण दार उघडंच व्हतं.

साहेब म्हणले, "अरे, चोरीच करायची, तर झाकण काहून लावत बसायचास?"

"हिरीवर लेकरं खेळतात साहेब. आईनं सांगितलं व्हतं."

साहेबांनी दारातून माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

रिटायर झाले तवा शाल दिली. भाषणात साहेब म्हणले, बाईनं पोटच्या पोरालाबी सोडलं न्हाई. टाळ्या पडल्या. मला ती शाल अंगावर घेववंना. इतक्या लोकांचं पाणी तोडणारा माझ्याच हातचं जेवून जात व्हता, अन् मला त्याचा वाससुद्धा आला न्हाई. नोकरीत लई चोर बघितले. चोर चोरी करतानाबी घरचं वळण सोडत न्हाई, हे मला माझ्याच घरानं शिकवलं. चोरी करू नको, हे मात्र मी त्याला कधी सांगितलंच न्हाई. पोलिसाच्या घरात ते काय सांगायचं, असं वाटलं.

आता त्यो सुटून घरी आलाय. मोटार भरायला कोणी देत न्हाई. परवा सैपाकघरातलं बटण बिघडलं, त्यानं नीट केलं. झाकण बसवलं, स्क्रू आवळले. उरलेल्या टेपाच्या गुंडाळीचं टोक दुमडता दुमडता त्यो थांबला. माझ्याकडं बघितलं.

मग न दुमडताच चिकटवून टाकलं.