असं बरं, की असं?

गुटमान गेल्याचं कळलं तेव्हा मी हेर्त्सोगेनआउराखला, ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभा होतो. त्यांच्या शेजारीण फ्राऊ वेबर यांचा फोन होता. "हेर केळकर," इथे 'श्रीयुत'ला हेर म्हणतात, "दफन उद्याच आहे. ज्यू लोकांत थांबत नाहीत, म्हणून लगेच कळवलं." मी म्हणालो, "या, या... गेनाऊ." मृत्यूच्या बातमीला 'हो हो, अगदी बरोबर'! ताट परत ठेवताना माझं मलाच ते ऐकू आलं. गुटमान असते तर चष्मा काढून डोळे पुसत हसले असते. समोरचा काहीही म्हणो, त्याला 'अगदी बरोबर' म्हणायची माझी ही खोड सगळ्यांत आधी त्यांनीच पकडली होती. पुढे त्याच खोडीनं मी त्यांचं नुकसान केलं. ते कुठेतरी सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलोय. पण आधी माणूस सांगतो.

न्युरेम्बर्गला नवा आलो तेव्हा घराजवळच्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मी नंबर तपासायला गेलो. बुटके, पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर काळी टोपी. नाकावर ती जड फ्रेम चढवून ते आलटून पालटून भिंगं सरकवायचे आणि विचारायचे, "असं बरं, की असं?" मला दोन्ही सारखंच दिसायचं, पण म्हातारा माणूस एवढं मनापासून विचारतोय, त्याला नाराज कशाला करायचं? त्यांच्या आवाजात जिकडे कल वाटेल तिकडे मी "हे बरं" म्हणत गेलो. नवा चष्मा लागला तसं डोकं दुखायला लागलं, ट्रामचे नंबर दिसेनात, तरी परत जाऊन सांगायची लाज वाटे. शेवटी तेच एकदा रस्त्यात मला थांबवून म्हणाले, "तुम्ही मान वाकडी करून का चालता?" दुकानात नेलं, पुन्हा तपासलं आणि फ्रेम काढत म्हणाले, "अच्छा! मागच्या वेळी तुम्ही मला खूश करत होतात. चष्मेवाल्याला खूश करणारा माणूस खांबावर आपटतो, हेर केळकर."

मी ओशाळलो आणि सारवासारव म्हणून त्यांना आमच्याकडच्या नंदीबैलाची गोष्ट सांगितली. सजवलेला बैल, ढोलकं, पाऊस पडेल का विचारलं की हो, सून नांदेल का विचारलं की हो. त्यांना ती इतकी आवडली, की तेव्हापासून मी दुकानात शिरलो की ते विचारायचे, "काय म्हणतोय बैल?"

त्यांच्या समाजातली माणसं त्यांना रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणत. ते हात झटकत, "मी चष्मेवाला. रब्बीला पगार असतो, मला गिऱ्हाइकं." पण लांबलांबहून तरुण मुलं त्यांच्याकडे तालमूद शिकायला येत. शेकडो पंडितांनी कित्येक शतकं एकमेकांशी घातलेला वाद म्हणजे तो ग्रंथ. दुकानाच्या मागच्या खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि भिंतभर ते जाडजूड खंड. त्या पंडितांबद्दल ते शेजारपाजारच्या माणसांसारखे बोलत. अमका तापट, तमक्याची बायको त्याच्याहून हुशार. मूळचे ते अँटवर्पचे, बायकोचं माहेर इथलं म्हणून इथे आले. ज्या शहरात नाझींनी तुमच्या लोकांविरुद्ध कायदे केले तिथेच दुकान कसं थाटलंत, असं मी एकदा भीतभीत विचारलं. भिंग पुसता पुसता म्हणाले, "इथल्या लोकांची नजर तपासायला कुणीतरी हवं होतं."

बायको गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, मागची खोली तेवढी ठेवली. मी रविवारी दुपारी तिकडे जाऊ लागलो. त्यांच्यात एकट्यानं वाचत नाहीत. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं अर्थ लावायचा, दुसऱ्यानं हरकत घ्यायची. हरकत घेणं हेच दुसऱ्याचं काम, मैत्रीही तीच. गुटमान यांचा जोडीदार होता श्मुएल, अँटवर्पला. तरुणपणी त्यानं चोरीच्या घड्याळांचा धंदा केला होता, तुरुंगही पाहिला होता. सुटल्यावर कुणी दारात उभं करेना, तेव्हा गुटमाननी त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. हे न्युरेम्बर्गला आल्यावर ती खुर्ची टेलिफोनवर आली, एवढाच फरक. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोनच्या दोन्ही टोकांना अशी आरडाओरड चालली होती, की मी उठून जायला लागलो. फोन ठेवल्यावर म्हटलं, "भांडण झालं का?" ते चिंतेत होते. "तेच तर. आज फार मवाळ होता. तब्येत बरी नसेल."

मीही त्या खुर्चीत बसायला शिकावं अशी त्यांची फार इच्छा होती. ते जर्मनमध्ये उतारा समजावून सांगत आणि थांबत. मी मान डोलावायचो. "हरकत?" "नाही, पटलं." "कसं पटलं? मलाच अजून पटलेलं नाही!" एकदा माझी मुलगी ईरा सोबत होती, नऊ वर्षांची. हरवलेली वस्तू सापडली तर ती कुणाची, असं काहीतरी चाललं होतं. ती चित्र काढता काढता मान वर न करता म्हणाली, "श्टिम्ट निश्ट." म्हणजे, बरोबर नाही. मी तिच्यावर डोळे वटारले. गुटमान मात्र टेबलावर थाप मारून उभेच राहिले. "का? बोल!" तिनं कारण सांगितलं, त्यांनी ते खोडलं, तिनं पुन्हा सांगितलं. घरी जाताना मी मराठीत झापलं, "मोठ्या माणसांना असं तोंडावर बोलतात का गं?" तिनं जर्मनमध्ये उत्तर दिलं, "पण त्यांनीच विचारलं ना, बाबा." त्याच दिवशी त्यांनी आम्हां दोघांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणायची परवानगी दिली होती, इथे ते वडीलधाऱ्यानं स्वतःहून देण्याचं दान असतं. ईरानं ते तिथल्या तिथे घेतलं. माझ्या तोंडून त्यांच्यासाठी 'तू' कधीच निघालं नाही. मी याला संस्कार म्हणायचो.

एक गोष्ट ते वारंवार सांगत. जुन्या काळी एक मोठा पंडित होता, देखणा आणि विद्वान. नदीवर त्याला एक दरोडेखोर भेटला. पंडितानं त्याला आपलंसं केलं, शिकवलं, बहीण दिली, आणि दोघे आयुष्यभराचे जोडीदार झाले. एक दिवस तलवारी-सुऱ्यांबद्दल वाद चालला असताना पंडित रागात बोलून गेला, हत्यारांचं तुलाच माहीत, तू दरोडेखोर! मित्रानं ते मनाला लावून घेतलं, आजारी पडला आणि गेला. पंडिताचं मन रमावं म्हणून लोकांनी दुसरा विद्वान आणून बसवला. तो प्रत्येक वाक्याला म्हणे, तुमचं बरोबर आहे, याला आणखी आधार देतो. पंडित ओरडला, बरोबर आहे हे मला कळत नाही का? तो माझ्या एका वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि मग कुठे अर्थ उलगडायचा! मग तो कपडे फाडत मित्राला हाका मारत फिरला... इथे गुटमान यांचा आवाज दर वेळी बसायचा.

आणि या माणसानं, ज्याला ती गोष्ट पाठ होती, तीच चूक केली. चोरीचा माल नकळत विकत घेणाऱ्याबद्दल वाद चालला होता. श्मुएल ऐकेना. गुटमान म्हणाले, "हो बाबा, या विषयात तुझा अनुभव दांडगा."  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. मी तिथेच बसलो होतो.

त्यानंतरचे रविवार मुके झाले. ते समोर खंड उघडून ठेवत, पान उलटत नसत. चहा निवून जाई. एका रविवारी त्यांनी अचानक चष्मा काढला आणि म्हणाले, "मी चेष्टा केली. त्यानं फोन आपटला. म्हणजे आधी फोन त्यानं करायला हवा. की मी करावा? असं बरं, की असं?" मला काय वाटत होतं ते सांगतो. आत्ता फोन लावा, असंच वाटत होतं. ओठांवर आलं होतं. पण ऐंशीच्या घरातला माणूस, गुरुस्थानी... त्यांचं चुकलं हे मी कोण सांगणार? म्हणालो, "तुमचंच बरोबर आहे. त्यांनी करायला हवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय मी त्यांना धूसरच दिसत असणार. मग हळूच म्हणाले, "बैल हो म्हणाला." आणि हसले. त्या हसण्याकडेही मी वळून पाहिलं नाही. चहा गरम करायला उठलो. वसंतात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि वाचा परत आलीच नाही.

दफनाला श्मुएल आले होते. उंच, वाकलेले, काठी टेकत. सगळ्यांनी फावड्यानं माती लोटली. बाहेर पडताना फाटकापाशी हातांवर पाणी घेतात आणि पुसत नाहीत. तसे ओले हात धरून ते माझ्यापाशी आले. "रविवारी येणारे ते तुम्हीच ना? माझ्याबद्दल काही बोलला?" मी म्हणालो, "फार आठवण काढायचे." खोटं नव्हतं ते. पण त्यांनी विचारलेल्याचं उत्तरही नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि ते स्टेशनकडे गेले.

मग काही आठवडे मी काही केलं नाही. शेवटी ईराच म्हणाली, ती आता कॉलेजात आहे, "बाबा, तुला सांगायचंय ना त्यांना? मग सांग." एका रविवारी दुपारी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. मी उलटं सांगितलं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तुम्हाला फोन केला असता.

पलीकडे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"चूक," श्मुएल म्हणाले. "हरकत पहिली. तो एका 'नाही'नं कधी हलला नाही. मला विचारा, मी उभा जन्म 'नाही'च म्हणत आलो. हरकत दुसरी. माझ्याकडे फोन नव्हता का? माझा हात कुणी धरला होता?" त्यांना खोकला आला. "तुमचा दोष आहे. पण तुम्ही मागताय तेवढा मोठा नाही. सगळा तुम्ही घेतलात तर मी काय घेऊ?"

मी रडत होतो. तेच पुढे म्हणाले, "पुढच्या रविवारी याच वेळी. खंड आहे का जवळ?"

होता. गुटमान यांच्या भाच्यानं खोली रिकामी करताना ईराला एक खंड दिला होता, आणि मला ती नंबर तपासायची जड फ्रेम. ती आमच्या जेवणाच्या टेबलावर असते. रविवारी तिच्याशेजारी फोन उभा करतो, समोर एक खुर्ची ओढून ठेवतो. पहिल्याच रविवारी श्मुएलनी पान उघडायच्या आधी सुस्कारा टाकला. "काही म्हणा, माणूस विद्वान होता, पण हट्टी. स्वतःची चूक त्याला कधी दिसली नाही."

माझी मान सवयीनं हलायला लागली होती. समोर ती फ्रेम होती, दोन्ही खाचा रिकाम्या.

"नाही," मी म्हणालो.

"नाही?" खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "का नाही? बोल!"