नदीकाठची देवी आणि आमच्या आत्या

आमचं मंडळ पौर्णिमेला जमायचं, पण दुपारी चार वाजता. चंद्र उगवायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं असे. एक तर इनामगावच्या बाजूला ऊस फार आणि उसात बिबट्या. दुसरं म्हणजे दिवेलागणीला बाई घरात नसली की सासरचे फोन सुरू. ज्या इंग्रजी पुस्तकांतून आमच्या ताईंनी हा धर्म उचलला होता, त्यांत बायका चांदण्यात रानात नाचतात म्हणे. आम्ही रणरणत्या उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन नाचायचो.

तरी मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरीच नावं ठेवणार आहे.

ताई म्हणजे मंडळाच्या प्रमुख. पुण्यात बँकेत नोकरी केली, लवकर निवृत्ती घेतली आणि घोडनदीच्या काठावर वडिलांच्या शेतात छोटं घर बांधून राहिल्या. पुस्तकं आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ यांतून त्यांना युरोपातला जुना निसर्गधर्म सापडला. देवी, चंद्र, झाडं, ऋतूंचे आठ सण; भटजी नाही, सोवळंओवळं नाही. तिकडचे लोक स्वतःला विक्कन म्हणवतात, पेगन म्हणवतात. त्यात इनामगावच्या टेकाडात फार पूर्वी उत्खनन झालं तेव्हा एक मातीची देवी निघाली होती. घराच्या जमिनीखाली, मातीच्या डबीत झाकून ठेवलेली, आणि तिला डोकंच नव्हतं. ताईंना वाटलं, आपली देवी ती हीच. "डोकं नाही, म्हणून ती कुणाचा न्याय करत नाही," असं त्या सांगायच्या आणि आम्ही माना डोलवायचो. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली बाई. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. नमुना तीनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. पण हे वाक्य मी एकदाही तपासलं नाही.

पुस्तकातल्या वनस्पती इकडे मिळत नव्हत्या, म्हणून आम्ही निरगुडीचा धूर करायचो. ओक वृक्षाच्या जागी बाभूळ होती. वसंताचा पहिला सण फेब्रुवारीत यायचा; तिकडे म्हणे तेव्हा बर्फ वितळायला लागतो, आमच्याकडे टँकरची बोलणी सुरू व्हायची. हसू यायचं, पण त्या हसण्यातही मजा होती. कारण तिथं जाईपर्यंत वरवंडच्या आमच्या घरात मी दर महिन्याला चार दिवस बाजूला बसत होते. पगार आणणारी, गाडी चालवणारी, एका मुलीची आई, आणि पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. ताईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलंही नाही, सरळ माठ दाखवून म्हणाल्या, "घे पाणी." मी दोन तांबे प्यायले.

त्यानंतर घरात मी भांडले. बाजूला बसणार नाही, मंगळवारी देवळात येणार नाही, माझी देवी वेगळी आहे. सगळं एका दमात. नवरा म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा," आणि गोठ्याकडे निघून गेला. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुजी देवी येगळी तर येगळी. तिला म्हनावं, आमाला येक नातू दे."

इथं आत्यांच्या नवसाचं सांगायला हवं. माझी मुलगी दोन वर्षांची असताना त्यांनी गावदेवीला नवस बोलला होता: नातू होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. तेव्हापासून त्या अनवाणी आहेत. दर मंगळवारी घरापासून देवळापर्यंत, एप्रिल-मेच्या डांबरावरूनसुद्धा. टाचांना भेगा पडतात, त्यात त्या कोकमतेल भरतात. काटा मोडला की पायरीवर बसून सुईनं काढतात आणि कुरकुर म्हणून करत नाहीत. तसलं कुरकुर न करणं सोसत नाही बघणाऱ्याला.

आणि त्यांनी नवस बोलायच्या दोन महिने आधी मी पुण्याला जाऊन तांबी बसवून आले होते. पहिल्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. मला दुसरं मूल नको होतं, आणि हे म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. नवऱ्यालाही सांगितलं नाही. 'बघू', 'होईल' यांवर वर्षं काढली. आत्या चालत राहिल्या.

हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल, तर त्या मंडळात. तसा विधीच होता. प्रत्येकीनं नदीची माती आणून आपल्या हातानं बिनडोक्याची एक बाहुली करायची, ती हातात धरून आपल्या मनातलं सगळ्यात जड ते सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं, मग बाहुली डबीत घालून ताईंच्या घरातल्या मातीच्या जमिनीत पुरायची. ताई म्हणायच्या, पुरलं की ते देवीचं झालं, आपलं राहत नाही. मी बोलले. रडले. आठ बायकांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. त्या दिवशी चौफुल्यापर्यंत गाडी चालवत आले ती गाणं म्हणत, इतकी हलकी झाले होते.

पुढची दोन वर्षं बरी गेली. मग हळूहळू नियम यायला लागले. पौर्णिमा चुकवली तर कारण लेखी द्यायचं. एखादी आली नाही की ताई तिच्या स्वभावावर बोलायच्या, सगळ्यांनी ऐकायचं, आणि त्याला 'तिच्यासाठी प्रार्थना' म्हणायचं. पाळी असलेल्या बाईनं अग्नीजवळ बसलंच पाहिजे, कारण ती त्या दिवशी पवित्र. माझं पोट एवढं दुखत होतं की आडवं पडावंसं वाटत होतं, तर ताई म्हणाल्या, "हा मान नाकारायचा नसतो." घरी बाजूला बसवायचे, इथं मधोमध बसवत होते. उठायची मुभा दोन्हीकडे नव्हती. मी चिडले, पण गप्प बसले. घरी एवढं मोठं तोंड करून बाहेर पडले होते. आता कुठल्या तोंडानं सांगणार, की तिथंही तेच आहे?

एकदा शिरूरची एक नवी मुलगी आली. तेवीस-चोवीसची असेल, दवाखान्यात नर्स. तिच्या हातात बाहुली होती आणि बोलायला तोंड उघडत नव्हतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग तिला. तुला काय वाटलं होतं बोलल्यावर?"

मी सांगितलं, "हलकं वाटतं. बोल."

ती बोलली. काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. पंधरा दिवसांनी ताईंना न्हावऱ्याला सोडायला मी गाडीत घेतलं होतं, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेलो असताना ताईंनी त्या मुलीची ती गोष्ट काढली, आणि हसल्या. वाईट हसणं नव्हतं. शेजारच्या पोरीच्या लग्नाचं बोलतात तसं सहज. मग म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा बरंच सोपं आहे गं तिचं." म्हणजे माझंही कुणाच्या तरी गाडीत, कुठल्या तरी ट्रॅक्टरमागे, असंच निघालं असणार.

मी त्यांना तिथंच म्हणाले, "ताई, मला मंडळ सोडायचंय आता. आणि माझी डबी उकरून द्या."

"पुरलेलं उकरत नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि तू का घाबरतेस? तुझं आमच्याकडे सुरक्षित आहे. आम्ही आठजणी आहोत ना."

ही धमकी होती की धीर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ताईंनाही कदाचित ठाऊक नसेल. पण पुढच्या पौर्णिमेला मी मुकाट्यानं गेले. त्याच्या पुढच्याही. बाभळीभोवती फेर धरला, निरगुडीचा धूर डोळ्यांत घेतला, कुणी रुसणार नाही इतपत हसले. मातीची डबी उकरून तरी काय मिळणार होतं? गोष्ट त्या आठ बायकांच्या डोक्यात होती. देवीला डोकं नव्हतं, पण आम्हाला प्रत्येकीला होतं, आणि त्याखाली तोंडही.

मार्चमध्ये चौफुल्याजवळच्या एका मंगल कार्यालयात नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. अक्षता पडल्यावर मी वळून बघते तर आत्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मंडळातली एक बाई. न्हावऱ्याच्या शाळेत शिक्षिका आहे. नवरीकडून तिचं काही नातं निघत होतं; आपल्याकडे नातं कुठून निघेल सांगता येत नाही. ती खाली बघत होती, आत्यांच्या पायांकडे. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पायांकडे. मी ताटं-खुर्च्यांतून वाट काढत पोचले तेव्हा ती विचारत होती, "किती वर्षं झाली हो मावशी अनवाणी?"

"सा वर्सं झाली की," आत्या म्हणाल्या. "देईल देवी. तिला बी कामं असत्यात."

ती मला बघून हसली, आणि जेवायला उठली. मी आत्यांना लवकर घरी घेऊन आले. म्हटलं, डोकं दुखतंय. आपण लपवलेलं आता कुठल्याही मांडवात, कुठल्याही एस्टीत त्यांच्या कानावर पडू शकतं, हे माझ्या ध्यानात आलं. ते परक्या तोंडून पडू नये, एवढंच माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवरा आणि मुलगी पाटसच्या बाजाराला गेली होती. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. "आत्या, मला दुसरं मूल होणार नाही. मीच होऊ देत नाही. मी तांबी बसवलीय."

शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. "कवा?"

"सहा वर्षं झाली."

"म्हंजी म्या वहाना सोडल्या त्याच्या आधी?"

"दोन महिने आधी."

त्यांनी चार-पाच शेंगा फोडल्या, दाणे परातीत टाकले. मला वाटत होतं त्यांनी शिव्या द्याव्यात. मी त्यासाठी तयारी करून बसले होते.

"त्याला म्हाईत हाय?" म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"नाही."

"मंग कुनाला म्हाईत हाय?"

खोटं बोलता आलं असतं. "आमच्या नदीवरच्या बायकांना. आठजणींना."

आता त्यांचे हात थांबले. "कालची ती मास्तरीन बी त्यातलीच?"

"हो."

"म्हनून माज्या पायांकडं बघत व्हती व्हय."

एवढं म्हणून त्यांनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. सहा वर्षांत त्यांनी ते कधी लपवले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत जाऊन नणंदेनं दिवाळीला आणलेल्या, कोऱ्याच पडून असलेल्या चपला घेऊन आले, त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, "आत्या, तुमच्या पाया पडते. आता तरी घाला."

त्यांनी त्या हातानं बाजूला सारल्या.

"येडी का खुळी तू? म्या वहाना घातल्या तर गाव इचारंल, नवस फिटला का म्हनून. मंग काय सांगू? तुजं नाव सांगू?" परत एक शेंग उचलली. "त्याला सांगू नगंस. त्यो ऐकायचा न्हाई. मी बी न्हाई सांगत."

मंडळात मी आता जात नाही. पौर्णिमेला ताईंचा फोन येतो, मी उचलत नाही, आणि उचलला नाही म्हणून दिवसभर धास्तावते. बाकी सगळं तसंच आहे. काल मंगळवार होता. साडेअकराच्या उन्हात आत्या पदर डोक्यावर घेऊन निघाल्या. मी म्हटलं गाडीनं सोडते, तर नको म्हणाल्या, लोक बघतील. आता देवीकडे मागायचं काही उरलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मला. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईंनी त्यांना नेहमीसारखं विचारलं, "काय मावशी, औंदा तरी?" आणि आत्या माझ्यासाठी हसून म्हणाल्या, "देईल की."