सिद्रामचा पक्का दात

कापड विणायच्या मागावर, सुताची कांडी बसवलेल्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचं आणि उरलेलं टोक दातानं तोडायचं, ही सिद्रामची वीस वर्षांची सवय. चौऱ्याहत्तर साली त्याचा पुढचा दात पडला, तेव्हा फूटपाथवरच्या दातवाल्याकडून त्यानं नवा बसवून घेतला. काढ-घाल नाही, एकदम पक्का! कारखान्यात तो ज्याला त्याला ओठ वर करून दाखवायचा.

सहा महिन्यांत हिरडीतून पू यायला लागला. दवाखान्यातले डॉक्टर भडकलेच. दातवाल्यानं तो दात सिमेंटसारख्या मसाल्यानं शेजारच्या दोन दातांना चिकटवला होता. खाली घाण साचून ते धडधाकट दातही कुजले होते. तिन्ही काढावे लागले.

तोंडातला कापूस थुंकून सिद्राम थेट फूटपाथवर गेला. दातांच्या पेटीला लाथ घातली, दातवाल्याची गचांडी धरली.

"भाड्या, किती जणांची तोंडं नासवलीस रं?"

"मी कुणाला बोलवायला गेलो न्हाय," दातवाला म्हणाला. "तुझ्याच कारखान्यातले नऊ जण आले की, तुझा दात बघून."

सिद्रामची उगारलेली मूठ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरल्या शिरल्या त्यानं पुन्हा ओठ वर केला आणि मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडला, "बघा लेकांनो! आता नीट बघा!"