बाबांची नळी आणि कडूनिंबाचं तेल

दोन हजार चारच्या पावसाळ्यात प्रोस्टेट वाढून बाबांची लघवी अडली आणि मालवणच्या डॉक्टरांनी त्यांना नळी घातली. मी तेव्हा कणकवलीच्या एका दवाखान्यात परिचारिका होते. रजा टाकून माहेरी आले आणि आल्या आल्या कामं वाटून दिली: नळीची स्वच्छता माझ्याकडे, पथ्यपाणी आईकडे, गप्प पडून राहणं बाबांकडे. शेवटचं काही जमलं नाही.

बाबांना एकच घोर होता. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात जायची आणि मांडीला लघवीची पिशवी बांधून होडीत चढायला ते तयार नव्हते. त्यात ताप यायचा, गोळ्यांनी उतरायचा, गोळ्या संपल्या की परत हजर.

डॉक्टरांनी कारण समजावलं. नळीच्या आत जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर करून राहतात. औषधाने वरचे मरतात, थराखालचे वाचतात. म्हणून नळी बदलायची आणि शक्य तितक्या लवकर काढूनच टाकायची.

बाबांना ते लगेच पटलं. "होडयेच्या तळाक शेवाळ धरता तसाच ह्या. वरसून धुवन जाणा नाय."

मग चिकटूच नये म्हणून काही लावता येत नाही का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, कडूनिंब आणि हळदीतल्या द्रव्यांनी असा थर कमी होतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण काचेच्या ताटलीतली गोष्ट वेगळी, नळीला काहीही लावायचं नाही. बाबांनी यातला पहिला भाग तेवढा घरी आणला.

आमच्याकडे होडीचा तळ दरवर्षी खरवडतात आणि त्याला तेल चोपडतात, शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर बाबा पडवीत बसलेले. नळी गुडघ्यावर ताणलेली, बाजूला वाटीत कडूनिंबाचा पाला आणि हळद घालून कढवलेलं खोबरेल. चिंधीने ते नळीला चोपडत होते, फळीला लावतात तसं, एका टोकाकडून दुसऱ्याकडे, मन लावून.

आई दारातून बघत होती. "होडयो संपल्यो वाटता," ती मला म्हणाली, "म्हणान आता सोताक तेल लावतत."

मी वाटी उचलली. जन्मभर लाकूड राखलेल्या माणसाला तेलाने रबर बिघडतं हे कुठून ठाऊक असणार? नळी मऊ पडून फुगायला लागली होती आणि पिशवीच्या जोडाशी सुटायला आली होती. रिक्षा बोलावून मी त्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर त्यांच्यासमोर हसले नाहीत. नळी नाहीतरी बदलायचीच होती. प्रोस्टेटच्या गोळ्या चालू होत्या, तेव्हा आता काढूनच बघू, असं म्हणून त्यांनी नळी काढली. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर सुटका, नाहीतर नवी नळी आणि मग ऑपरेशन.

घरी बाबा शहाळं प्यायले, पाणी प्यायले, अंगणात फेऱ्या मारल्या. एकदा न्हाणीघरात जाऊन तसेच बाहेर आले. दुपार कलायला लागली तेव्हा पुन्हा आत गेले. आई आणि मी दाराला कान लावून उभ्या. पाण्याच्या आवाजाने लघवी सुटेल म्हणून मी त्यांना नळ थोडा सोडायला सांगितला, आई देवाचं नाव घेत होती.

आतून बाबांचा वैतागलेला आवाज आला. "तुमी दोघी दारात उभ्या रवलात तर माका कसा जमतला? जावा बघू थयसून."

आम्ही मुकाट्याने स्वयंपाकघरात गेलो. आईने भाताचं भांडं उगीच हलवलं. थोड्या वेळाने नळ बंद झाला आणि न्हाणीघरातून बारीक धार पडल्याचा आवाज आला, थांबला, परत आला. आईने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी आवाज न करता हसत राहिलो.