दोन दुधी आणि एक इस्त्री

तुमच्यातल्या धाकटीने टोरंटोहून फोनवर फर्मावलं, "आजी, शुक्रवारी शाळेत दाखवायचंय. मला दोघींचे फोटो पाठव. एक तिथलीच आणि एक बाहेरून आलेली."

दोघी म्हणजे दुधी. भोपळा नव्हे, तोडलं की पांढरा चीक येतो ते रानटी रोप. सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात दोन्ही शेजारीशेजारी उगवतात आणि दिसायला सारख्याच. मी वाचून ठेवलं होतं, फरक फळात आहे. मोहरीएवढ्या त्या फळावर लव असली तर आपल्याकडची, गुळगुळीत असलं तर अमेरिकेतून आलेली. साध्या चष्म्याने लव दिसेना. वेगळी वाटली म्हणून दोन रोपं मुळासकट उपटली. म्हटलं, घरी भिंगाखाली धरू.

फाटकात आमच्या गुजराती शेजारीणबाई हसल्या. "बेन, आ तो दूधेली! बधी एक ज!" त्यांच्या लेखी सगळ्या दुधी एकच.

तुमचे आजोबा व्हरांड्यातून म्हणाले, "आता गवताचीही हजेरी घेणार का?"

"अहो, भिंग कुठे ठेवलंत ते सांगा आधी."

भिंग सापडेपर्यंत पानं मलूल होऊन वळली. चुरगळलेलं काही मला पाठवता येत नाही. तुमच्या आईच्या शाळेच्या रिबिनीसुद्धा मी इस्त्री करून देत असे. रोपं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवली आणि गरम इस्त्री फिरवली. आतून टिक, टिक असा आवाज आला. मला वाटलं, देठ मोडले.

घडी उघडली. पानं सुरेख सपाट. फळ मात्र एकही शाबूत नाही. वाळलं की ते आपोआप तडकून बी उडवतं, आणि मी तर त्याला शेकलंच होतं.

तशीच चपला घालून प्लॉटवर गेले. नवरात्र तोंडावर आलेली. गरब्यासाठी तेवढ्यात सोसायटीच्या मुलांनी सगळं खरवडून, पाणी मारून, रोलर फिरवला होता. एक काडी उरली नव्हती.

आजोबा मागून आले. "अगं, तुला हवा तसाच स्वच्छ झालाय की!"

मी संध्याकाळभर वर्तमानपत्राच्या घड्या भिंगाखाली धरून बसले. अखेर एका कोपऱ्यात फळाची एक फाक सापडली. तिच्यावर लव होती. म्हणजे दोघींपैकी एक नक्की इथली!

ती फाक बशीत ठेवून भिंगातून फोटो काढला आणि पाठवला. लगेच धाकटीचा निरोप आला: "आजी, पण झाड कुठंय?"

दोन्ही झाडं माझ्यासमोर टेबलावर आहेत, कडक इस्त्रीची. त्यातलं इथलं कुठलं, तेच मला सांगता येत नाही.