दाराशी उभे राहणारे काका

एकाहत्तरच्या युद्धात आमच्या रिफायनरीच्या बसला नुसतं उधाण आलं होतं. आपली जहाजं थेट शत्रूच्या बंदरावर चालून गेल्याची बातमी रेडिओवर आली, आणि कारेलीबागेपासून बाजव्याच्या थांब्यापर्यंत जो तो नौदलप्रमुख झाला. मीसुद्धा धुरकट काचेवर बोटानं किनारा काढून जहाजं हलवत होतो.

बॉयलरवर काम करणारे एक काका रोज दाराशी उभे राहत. नाव मी कधी विचारलं नाही. "बेसो ने, काका," म्हणून कुणी जागा दिली तरी मान हलवायचे आणि पत्र्यावर तळवा टेकवून इंजिनाची धडधड जोखायचे. ते पूर्वी नौदलात होते असं त्या सकाळी कळलं, आणि आम्ही त्यांना घेरलंच.

"काका, समुद्रावरची लढाई दिसते कशी?"

"मला काय ठाऊक? मी खाली, बॉयलरपाशी. तोफा सुटल्या की पायांना कळायचं." ते हसले. "लढाई सुरू झाली की आमच्या डोक्यावरचं झाकण घट्ट लावून घेतात. पाणी शिरलं तर खालीच अडावं, जहाज वाचावं म्हणून."

बाजवा आलं. सगळ्यांत आधी ते उतरले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुन्हा तोच जोश होता. फक्त दाराशी उभ्या काकांना "बेसो ने, काका" असं कुणी म्हटलं नाही.